आधी निदान, मग दुरुस्ती

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





या व्यासपीठावरून आजवर वकील, डॉक्टर, प्राध्यापक अशी विद्वान मंडळी बोलून गेली. यंदा चिटणीस साहेबांनी एका मोटार मेकॅनिकला उभे केले आहे. मी त्यांना म्हटले, "साहेब, मला भाषण येत नाही. मला फक्त बंद पडलेली गाडी चालू करता येते." ते म्हणाले, "मग तेच सांगा." तेव्हा आजचा माझा विषय तोच आहे. चावी फिरवली आणि इंजिन फिरले नाही, तर दोष कोठे आहे हे कसे ओळखावे?

विषय लहान वाटेल. परंतु आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल रिक्षा, टॅक्सी, टेम्पो आणि ट्रक यांच्या चाकांवर चालते. ज्या दिवशी सकाळी गाडी चालू होत नाही, त्या दिवशी त्या घरची कमाई बुडते आणि वर दुरुस्तीचा खर्च येतो. त्यात मेकॅनिकने दोष न ओळखता चांगलाच भाग बदलला, तर तो खर्चही वाया जातो. माझ्या हातून एकदा असे घडले आहे. त्या चुकीपासूनच मी सुरुवात करतो, कारण मला जे काही शिकता आले ते त्या चुकीमुळे.

बंदरावरची ती रात्र

गोष्ट चाळीसएक वर्षांपूर्वीची, रत्नागिरीची. मी आठवीतून शाळा सोडून एका गॅरेजात कामाला लागलो होतो. चार वर्षांत पाने हातात खेळू लागले होते आणि आपण आता कारागीर झालो असा समज झाला होता. मिरकरवाडा बंदरावर एक वयस्कर टेम्पोवाले होते. आम्ही सारी पोरे त्यांना चाचा म्हणत असू. रात्री मासळी भरून आंबा घाटातून कोल्हापूरला जायचे आणि सकाळच्या बाजाराला माल पोहोचवायचा, हा त्यांचा धंदा.

एका रात्री माल भरून झाला आणि टेम्पो चालू होईना. उस्ताद गावाला गेले होते, म्हणून मला बोलावणे आले. चाचांनी चावी फिरवली. एकदा "टक्" असा आवाज झाला आणि पुढे काही नाही. मी हेडलाइट लावून पाहिले, ते झक्क लागले. मी लगेच निकाल दिला, "चाचा, दिवे लागतात म्हणजे बॅटरी ठीक आहे. सेल्फ गेला." त्या रात्री चार माणसांनी धक्का मारून गाडी चालू केली. दुसऱ्या दिवशी मी सेल्फ उतरवला, कार्बन ब्रश बदलले. फरक पडला नाही. मग चाचांना नवा सेल्फ आणायला लावला. त्यांनी मासळीच्या व्यापाऱ्याकडून उचल घेऊन तो आणला. उचल घेतली की भाड्याचा दर व्यापारी ठरवणार, हे बंदरावरच्या लहान पोरालाही ठाऊक असते.

नवा सेल्फ बसवला. उघडझाप करताना जोडण्या थोड्या हलल्या असतील, गाडी दोनदा चालू झाली. तिसऱ्या रात्री भरलेल्या मालासह पुन्हा तोच "टक्". बंदरावर धक्का मारायला तेव्हा कोणी नव्हते. बर्फ वितळला, मासळी उतरली आणि सकाळी ती मिळेल त्या भावाने द्यावी लागली.

उस्ताद परत आले होते. ते बंदरावर आले, मला एक शब्द बोलले नाहीत. चाचांना म्हणाले, "चाचा, चावी मारा आणि धरून ठेवा." स्वतः वाकून इंजिनपासून चॅसीला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीवर त्यांनी हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. मग माझा हात धरून तेथे लावला. पट्टीचे टोक चटका बसेल इतके तापले होते. मासळीचे खारे पाणी वर्षानुवर्षे ठिबकून पट्टीचे टोक आतून कुजले होते. वरून ते घट्ट दिसत होते. उस्तादांनी बोल्ट काढला, पट्टीचे कुजलेले टोक कापून नवे बसवले, चॅसीचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला आणि बोल्ट आवळला. चावी फिरवताच गाडी चालू झाली. पाऊण तासाचे काम, खर्च जवळजवळ काही नाही.

त्यानंतर उस्ताद मला म्हणाले, "बेटा, चाचांचे पैसे तू कसे परत करणार?" दुकानदाराने वापरलेला सेल्फ परत घेतला नाही. माझ्या आठवड्याच्या पगारातून ते पैसे फिटायला सात महिने लागले. वाया गेलेली मासळी मात्र मला कधीच भरून देता आली नाही.

मी चुकलो कोठे?

"दिवे लागतात म्हणून बॅटरी ठीक, बॅटरी ठीक म्हणून सेल्फ खराब." या विधानात चूक कोठे आहे, हे मला तेव्हा कोणी विचारले असते तरी सांगता आले नसते. ते कळले पुढे रात्रशाळेत, जेव्हा विज्ञानाच्या मास्तरांनी फळ्यावर ओहमचा नियम लिहिला: विभवांतर बरोबर विद्युतधारा गुणिले रोध. आपल्या मुलांना हा नियम दहावीच्या आत शिकवतात. बहुतेक मुले तो परीक्षेपुरता पाठ करतात. आज आपण तो टेम्पोला लावून पाहू.

समजा, गंजलेल्या एका जोडणीत रोध फक्त ०.०१ ओहम आहे, म्हणजे ओहमचा शंभरावा भाग. साठ वॅटच्या हेडलाइटला १२ व्होल्टवर ५ अँपिअर धारा लागते. ५ ला ०.०१ ने गुणले की ०.०५ व्होल्ट. एवढा दाब त्या जोडणीत वाया गेला तरी दिव्याला काही कळत नाही, तो झक्क लागतो. पण डिझेल टेम्पोच्या सेल्फला २०० अँपिअर किंवा त्याहून अधिक धारा लागते. २०० ला ०.०१ ने गुणले की २ व्होल्ट. बॅटरीकडे मुळात १२ व्होल्ट, सेल्फ ओढताना ते दहा-साडेदहापर्यंत उतरतात आणि त्यातले २ एका बोल्टखाली जळून जातात. मग सेल्फ इंजिन फिरवणार कसा? आणि २ व्होल्ट गुणिले २०० अँपिअर म्हणजे ४०० वॅट. लहान इस्त्रीइतकी उष्णता एका बोल्टखाली! उस्तादांचा हात पोळला तो यामुळे. त्या रात्री पट्टीतला रोध याहूनही जास्त असला पाहिजे.

उस्तादांना ओहमचे नाव ठाऊक नव्हते, पण नियम त्यांच्या हाताला ठाऊक होता. मला चार वर्षांत ना नियम कळला होता, ना हात तयार झाला होता. मला फक्त बोल्ट खोलता येत होते.

यंत्रणा समजून घ्या

इंजिन आपले आपण चालू होत नाही. ते आधी कोणीतरी फिरवावे लागते, तेव्हा कोठे ते हवा आत घेऊन दाबते आणि इंधन पेटते. पूर्वी हे काम मोटारीच्या पुढे हँडल लावून माणूस करी. इंजिनने उलटा झटका दिला तर मनगट मोडत असे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा स्टार्टर तयार केला आणि तो १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींवर आला. तेव्हापासून हँडल हळूहळू मागे पडले.

आपण ज्याला सेल्फ म्हणतो तो हाच स्टार्टर. त्याच्याकडे जाणारे दोन रस्ते आहेत. पहिला रस्ता हुकमाचा. चावीच्या स्विचमधून बारीक तारेने थोडी धारा सोलेनॉइडकडे जाते. दुसरा रस्ता ताकदीचा. बॅटरीपासून जाड केबलने मोठी धारा सेल्फच्या मोटारीकडे जाते. सोलेनॉइड दोन कामे करतो. तो बेंडिक्सचे लहान दातेरी चाक पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये अडकवतो आणि त्याच वेळी तांब्याचे जाड काँटॅक्ट जोडून ताकदीचा रस्ता उघडतो. आपण ऐकतो तो "टक्" आवाज याचाच.

याशिवाय एक परतीचा रस्ता आहे. सेल्फच्या अंगातून इंजिन, इंजिनमधून अर्थिंगची पट्टी, तेथून चॅसी आणि शेवटी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल. जेवढी धारा जाते तेवढीच परत यावी लागते. जाणाऱ्या केबलकडे सगळे पाहतात, परतीच्या पट्टीकडे कोणी पाहत नाही. समुद्रकाठच्या गावांत तर हीच पट्टी आधी कुजते. कधीकधी तिच्याऐवजी धारा ॲक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या तारेतून परत जाऊ पाहते आणि ती तार गरम होते. असे आढळले तर अर्थिंग खराब आहे, हे पक्के समजा.

गाडी काय सांगते ते ऐका

आता निदानाचा क्रम सांगतो. पाना हातात घेण्यापूर्वी गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, हँडब्रेक ओढा आणि हेडलाइट लावा. मग चावी फिरवून आवाज ऐका आणि दिव्यांकडे पाहा.

पहिले लक्षण: आवाजच नाही आणि दिवेही मंद होत नाहीत. म्हणजे हुकूमच पोहोचत नाही. चावीचा स्विच, फ्यूज, रिले, सोलेनॉइडची बारीक तार हे तपासा. पुष्कळ नव्या गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय आणि ऑटोमॅटिक गाडीत गिअर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय सेल्फ फिरत नाही. त्यासाठी असलेला लहान स्विच खराब झाला तरी हेच लक्षण दिसते. दिवे मुळात लागलेच नाहीत तर बॅटरी पूर्ण उतरली आहे किंवा तिचे टर्मिनल सुटले आहे.

दुसरे लक्षण: "टकटकटक" असा भराभर आवाज आणि दिवे फडफडतात. बहुधा बॅटरी कमजोर आहे किंवा तिची टर्मिनले सैल आहेत. सोलेनॉइड पकडतो, पकडताच दाब कोसळतो, म्हणून सोडतो, पुन्हा पकडतो.

तिसरे लक्षण: एकच "टक्". येथे दिव्यांकडे नीट पाहा. दिवे फारसे मंद झाले नाहीत, तर मोठी धारा वाहतच नाही. सोलेनॉइडचे काँटॅक्ट जळले असतील, कार्बन ब्रश झिजले असतील किंवा चाचांच्या टेम्पोसारखी केबल अथवा अर्थिंग खराब असेल. दिवे एकदम विझू आले, तर एक तर बॅटरी किंवा तिची टर्मिनले खराब आहेत, नाही तर सेल्फ अथवा इंजिन अडकले असून धारा बेसुमार ओढली जात आहे.

चौथे लक्षण: सेल्फ फिरतो, पण रडत, जड फिरतो. बॅटरी, केबल, अर्थिंग, मग सेल्फचे बुश आणि ब्रश, या क्रमाने पाहा.

पाचवे लक्षण: "घर्र" असा मोकळा आवाज येतो, इंजिन मात्र जागचे हलत नाही. बेंडिक्स पकडत नाही. खडखडाट करत पकडत असेल तर रिंगचे किंवा बेंडिक्सचे दात झिजले आहेत.

सहावे लक्षण: सेल्फ इंजिनला जोरात फिरवतो, पण इंजिन पेट घेत नाही. येथे सेल्फ निर्दोष आहे. दोष डिझेल-पेट्रोलच्या पुरवठ्यात, ठिणगीत किंवा नव्या गाडीच्या इमोबिलायझरमध्ये, म्हणजे चावी ओळखणाऱ्या कुलपात शोधावा. अशा वेळी सेल्फ मारत राहून बॅटरी उतरवू नका. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि मध्ये मिनिटभर थांबावे.

मग मोजा

ऐकून संशय येतो, मोजल्याने खात्री होते. त्यासाठी काही शे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. १२ व्होल्टच्या गाडीची चार मापे लक्षात ठेवा. ज्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात, तेथे बॅटरीची मापे दुप्पट धरा.

एक: गाडी काही तास उभी असताना बॅटरीचा दाब. १२.६ व्होल्ट किंवा अधिक असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ च्या आसपास असेल तर निम्मी, १२ च्या खाली गेली तर उतरलेली. आधी ती चार्ज करा, मगच पुढची परीक्षा घ्या. उतरलेल्या बॅटरीवर सेल्फची परीक्षा घेणे म्हणजे उपाशी माणसाला पळायला लावून त्याचे पाय कमजोर ठरवणे होय.

दोन: सेल्फ मारताना बॅटरीचा दाब. तो साधारण ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. भरलेली बॅटरी असूनही जात असेल तर बॅटरीचे आयुष्य संपले असेल किंवा सेल्फ फाजील धारा ओढत असेल.

तीन: वाया जाणारा दाब. मीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर आणि दुसरे सेल्फच्या मोठ्या बोल्टवर ठेवून सेल्फ मारायला सांगा. मोटारीपर्यंतच्या साऱ्या वाटेत मिळून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडता कामा नये. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरे सेल्फच्या लोखंडी अंगावर ठेवा. येथे ०.२ ते ०.३ व्होल्ट ही मर्यादा. टोक टर्मिनलच्या क्लॅम्पवर न ठेवता खुंटीवरच ठेवा, म्हणजे क्लॅम्पखालचा गंजही मापात येतो. हे माप घेताना इंजिन चालू होऊ नये म्हणून इंधनाचा पुरवठा किंवा ठिणगी तेवढ्यापुरती बंद करावी. हे एक माप मला त्या रात्री ठाऊक असते, तर चाचांचा सेल्फ वाचला असता.

चार: इंजिन चालू असतानाचा दाब. तो १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असावा. कमी असेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा पाहा. अशा गाडीत कितीही नव्या बॅटऱ्या घाला, त्या उतरतच राहतील.

ही चारही मापे बरोबर आली, मोटारीच्या बोल्टवर पुरा दाब पोहोचतो आहे आणि इंजिन पान्याने हाताने फिरते आहे, तरीही सेल्फ फिरत नाही, तर मग सेल्फ उतरवावा. त्याआधी नाही.

काही सावधगिरी

चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तिच्याजवळ विडी, काडी, ठिणगी नको. काम करण्यापूर्वी हातातली अंगठी आणि घड्याळ काढा. टर्मिनल काढताना निगेटिव्ह आधी काढा आणि लावताना शेवटी लावा. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर गाडी चालू करायची असेल, तर लाल केबल दोन्ही पॉझिटिव्हना जोडा, काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. स्क्रू-ड्रायव्हरने सोलेनॉइडचे बोल्ट जोडून सेल्फ फिरवण्याची गॅरेजातली जुनी खोड सोडून द्या. गाडी गिअरमध्ये असेल तर ती समोरच्या माणसाच्या अंगावर जाते.

आणि एक गोष्ट आपल्या भागासाठी मुद्दाम. २००५ च्या जुलैमध्ये मुंबईत आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण-महाडला पूर आला, तेव्हा असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर अनेकांचा हात पहिल्यांदा चावीकडे जातो. तसे कधीही करू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बुडालेल्या गाडीची बॅटरी सोडवा आणि गाडी ओढून न्या. तेथे सेल्फ न मारणे हीच पहिली दुरुस्ती.

पालकांना दोन शब्द

पालक बंधू-भगिनींनो, मुलगा अभ्यासात मागे पडला की आपण रागाने म्हणतो, "जा, गॅरेजात पाने धुवायला." जणू गॅरेज ही शिक्षा आहे आणि तेथे डोक्याचे काम नाही. आठवीतून मुलाला काढून पान्यामागे लावले तर तो काय करतो, हे मी माझ्याच उदाहरणाने सांगितले. त्याचे हात चालतात, पण अंदाजाने चालतात, आणि अंदाजाची किंमत कोणा चाचांना भरावी लागते. त्याला हुनर शिकवायचा असेल तर जरूर शिकवा, पण दहावीपर्यंतचे गणित आणि विज्ञान त्याच्या पदरात पडू द्या. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा आणि डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. मी रात्रशाळेतून दहावी झालो आणि मग त्या दारातून आत गेलो. उस्तादांनी शिकवलेले तेथे पुसले गेले नाही, उलट त्याचा अर्थ लागला.

आज ही गरज वाढली आहे. सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होणाऱ्या गाड्या आल्या आहेत, त्यांना वेगळ्या जातीची बॅटरी लागते. विजेवर चालणाऱ्या मोटारींना तर हा स्टार्टरच नाही. पण त्यातील बहुतेकींमध्ये १२ व्होल्टची एक लहान बॅटरी असते आणि ती उतरली तर शेकडो व्होल्टची मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. त्या मोठ्या बॅटरीला प्रशिक्षण नसलेल्या माणसाने हात लावणे जिवावर बेतू शकते. पान्याच्या जोरावर उद्याचे गॅरेज चालणार नाही, मीटर वाचणारा माणूस ते चालवील.

मुलींच्या पालकांनाही सांगतो. मी आज जे काम सांगितले त्यात सेल्फ उतरवण्यापर्यंत कोठेही दंडाची ताकद लागली नाही. ऐकणे, पाहणे, मोजणे, क्रम न सोडणे हेच लागले. या बाबतीत आमच्या मुली मुलांच्या मागे नाहीत, हे या शाळेच्या निकालाच्या फळ्यावर दरवर्षी लिहिलेले असते.

ज्यांच्या स्वतःच्या गाड्या आहेत, त्यांनी मेकॅनिककडे गेल्यावर "सेल्फ बदल" असा हुकूम देऊ नये. लक्षण सांगावे: आवाज कसा आला, दिवे मंद झाले का, गाडी थंड होती की गरम. आणि भाग बदलण्यापूर्वी नम्रपणे म्हणावे, "भाऊ, एकदा मोजून दाखव." चांगल्या कारागिराला याचा राग येत नाही.

विद्यार्थी मित्रांनो,

तुमच्या पुस्तकातला ओहमचा नियम पाच गुणांचा नाही. तो एका कुटुंबाच्या महिन्याच्या कमाईचा आहे. उत्तर माहीत नसताना उत्तर ठोकून देणे, ही सवय परीक्षेत फक्त गुण घालवते. धंद्यात ती दुसऱ्याचे पैसे घालवते. "मला अजून कळले नाही, मोजून सांगतो" हे वाक्य बोलायला मला सात महिन्यांचा पगार पडला. तुम्ही ते फुकट घ्या.

चाचा पुढेही आमच्याच गॅरेजात येत राहिले. पैसे फिटले त्या दिवशी मी शेवटचे वीस रुपये त्यांच्या हातावर ठेवले. ते म्हणाले, "आता टेम्पोला हात लावशील तेव्हा आधी काय करशील?" मी म्हटले, "चाचा, आधी अर्थिंग बघेन." ते हसले आणि म्हणाले, "नाही रे बेटा. आधी बघशील, मग बोलशील."

अध्यक्ष महाशय, शेवटी संस्थेकडे एक विनंती. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी दहा मल्टिमीटर आणि एक जुनी बॅटरी-सेल्फची जोडणी असावी, म्हणजे नववी-दहावीची मुले-मुली हा नियम फळ्यावर वाचण्याऐवजी स्वतः मोजतील. सेल्फ, सोलेनॉइड आणि केबल माझ्या गॅरेजातून मी देईन, आणि महिन्यातल्या एका रविवारी येऊन शिकवीन. मीटरचा भार पालकांपैकी कोणी उचलावा.